ताडपत्रीखाली काय होतं?

जून २०२४ च्या सुरुवातीला कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून एक बातमी बाहेर आली. आंघोळीच्या जागी कैद्यांची मारामारी झाली आणि त्यात एकाचा खून झाला. मेलेला माणूस १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातला जन्मठेपेचा कैदी होता. दोन दिवस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता : 'त्या केसमधला माणूस इथं आपल्या गावात होता?'

माझा जन्म त्या स्फोटांनंतरचा. माझ्या पिढीला १९९३ माहीत आहे ते 'ब्लॅक फ्रायडे'मधून. हा सिनेमा २००४ मध्येच तयार होता. पण खटल्याचा निकाल लागायचा होता म्हणून तो अडकला आणि थेट २००७ मध्ये थिएटरात आला. दाऊद, टायगर, दुबई, आरडीएक्स, संजय दत्त एवढीच नावं आम्हाला पाठ. जेलमधल्या त्या बातमीनंतर मी खटल्याबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ चे निकाल म्हणजे हजारो पानांचा पसारा आहे. ती पानं चाळताना मी दुबईपाशी थांबलोच नाही. मी अडकलो तो रायगड जिल्ह्यातल्या एका फाट्यावर. नाव गोंडघर फाटा.

सरहद्द म्हटलं की आपल्याला वाघा आठवतं, कारगिल आठवतं. काटेरी तार, बर्फ, रायफल. महाराष्ट्राला तशी सरहद्द नाही असं आपण धरून चालतो. पण सातशे किलोमीटरहून जास्त लांबीचा किनारा ही आपली आंतरराष्ट्रीय सीमाच आहे. तिथे तार नसते. तिथे कस्टम्सचं एखादं कौलारू ऑफिस असतं, दोन-चार माणसं असतात, एखादी जीप असते. आणि रस्त्यावर पोलीस असतात.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिलाय. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला अगदी टायरला लागेल असा समुद्र. ड्रोन शॉटला याच्याइतका देखणा रस्ता महाराष्ट्रात फार नाही. याच शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये दोनदा माल उतरला. तिथून उत्तरेला, राजपुरी खाडीच्या तोंडाशी दिघी. समोर जंजिऱ्याचा किल्ला. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होता. खाड्या, कांदळवन, पाण्यापर्यंत उतरणारे डोंगर, आणि मुंबई रस्त्याने एका रात्रीच्या अंतरावर. चोरून माल उतरवायचा तर याहून सोयीची जागा नकाशावर शोधून सापडणार नाही.

पण नकाशा सोयीचा आहे एवढ्याने तस्करी होत नाही. त्यासाठी दिल्लीचीही मदत लागते.

जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सोने नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर दागिने घडवायचे नाहीत असा तो नियम. पुढे १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. देशाकडे परकीय चलन नव्हतं, त्यामुळे सोनं आयात करणं जवळजवळ बंद. इकडे लग्नसराई काही थांबली नाही. आपल्याकडे मुलीच्या अंगावर सोनं घालायचं नाही असं कुठला अर्थमंत्री सांगणार? मग दुबईतला भाव आणि झवेरी बाजारातला भाव यांत जी दरी पडली, ती कुणीतरी भरून काढणारच होतं. घड्याळं, ट्रान्झिस्टर, टेरिलीन, मग सोन्याची बिस्किटं, मग चांदी. सत्तरच्या दशकात हाजी मस्तानसारखी माणसं याच दरीवर मोठी झाली. १९७४ मध्ये तस्करांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येईल असा कायदा आला, 'कोफेपोसा' नावाचा. माणसं आत गेली, धंदा चालू राहिला.

आम्हा कोल्हापूरकरांना चांदी वजनाने माहीत असते, कारण हुपरी हाकेच्या अंतरावर. तिथल्या घराघरांत पैंजण घडतात. पण चांदीची अख्खी मोठी वीट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती उचलायला गेलो आणि जागेवरून हललीच नाही. अशी एक वीट साधारण तीस किलोची असते. सोन्याचं बिस्कीट खिशात घालून पळता येतं, चांदी पळवता येत नाही. तिला होडी लागते, होडीतून उतरवायला हमाल लागतात, मग बैलगाडी नाहीतर ट्रक लागतो, आणि ट्रकला रस्ता लागतो. याचा अर्थ चांदीची तस्करी लपवून होतच नाही. गावाला दिसते, नाक्याला दिसते. फक्त बघणाऱ्यांनी बघायचं नाही एवढं ठरलेलं असावं लागतं.

आणि ते ठरलेलं होतं. रायगडच्या किनाऱ्यावर 'लँडिंग एजंट' नावाची जमात तयार झाली होती. त्यांचं काम माल आणणं नव्हे, तो सुखरूप उतरवून देणं. मोठं जहाज खोल समुद्रात थांबायचं, तिथून ट्रॉलरने माल किनाऱ्याजवळ, मग छोट्या होड्या, मग हमाल, मग ट्रक. हमालांची मजुरी ठरलेली, तसा कस्टमवाल्यांचा आणि पोलिसांचा वाटाही ठरलेला. दर लँडिंगमागे ठरावीक रक्कम. खटल्याच्या कागदांत हा हिशेब इतक्या रुक्षपणे येतो की वाचणाऱ्याला किराणा दुकानाची वही वाचल्यासारखं वाटतं. कुणी कुणाला धमकावत नाही, कुणी बंदूक काढत नाही. फोन येतो, 'काम' आहे एवढं सांगितलं जातं, आणि त्या रात्री गस्त दुसरीकडे जाते.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लाच कशाची होती? माल सोडायची, असं आपण पटकन म्हणतो. बारकाईने बघितलं तर ती न बघण्याची होती. पेटी उघडून आत चांदी आहे हे पाहून मग पैसे घेतले, असं सहसा होत नसे. पेटी उघडायची नाही, याचेच पैसे होते.

कस्टम्समध्ये प्रामाणिक राहण्यालाही पैसे मिळत. पकडलेल्या मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याची तरतूद होती, खबऱ्याला आणि अधिकाऱ्यालाही. म्हणजे 'पगारात भागत नव्हतं हो, काय करणार' ही सबब इथं पुरती लागू पडत नाही. फरक एवढाच की बक्षिसाला फाइल लागते, वर्षं लागतात, वरिष्ठांच्या सह्या लागतात. पाकीट त्याच आठवड्यात येतं.

आता जानेवारी १९९३.

बाबरी मशीद पडून महिना झाला होता. मुंबईत डिसेंबरात एक दंगल होऊन गेली होती आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरी पेटली. ८ जानेवारीच्या पहाटे जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसं जाळली गेली आणि मग शहर हाताबाहेर गेलं. दोन्ही दंगलींत मिळून ९०० माणसं मेली, असं पुढे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला त्या दिवसांत कसली काळजी असेल, याचा अंदाज करता येतो. कुठेही काहीही पेटू शकत होतं.

अशा त्या आठवड्यात, ९ जानेवारीच्या रात्री, दिघीला माल उतरला. तो ट्रकांत भरला गेला आणि ट्रक निघाले. गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलिसांच्या एका तुकडीने ते अडवले. तुकडीत एक उपनिरीक्षक आणि शिपाई.

इथपर्यंत सगळं बरोबर आहे. रात्रीची वेळ, दंगलीचा काळ, खाडीकडून येणारे मालाने भरलेले ट्रक, आणि पोलिसांनी ते थांबवलेत. सिनेमा असता तर इथे पार्श्वसंगीत बदललं असतं.

मग बोलणी सुरू झाली. रकमेवरून घासाघीस झाली. आकडा लाखांत ठरला. १९९३ चे लाख म्हणजे शिपायाचा कित्येक वर्षांचा पगार. पण एवढी रोकड तिथं कुणाकडे नव्हती. मग पोलिसांनी रोख पोचेपर्यंत तारण म्हणून ट्रकातल्या चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला. तारण! गावाकडे सावकार दागिना ठेवून घेतो तसं. आणि हे रस्त्याच्या कडेला, सरकारी गणवेशात. तीस-तीस किलोच्या विटा उतरवून घ्यायला वेळ लागला असेल, दोघातिघांनी हात लावला असेल. म्हणजे ट्रकात चढणं झालं, माल हाताळणंही झालं. त्याच ट्रकांत चांदीबरोबर शस्त्रांच्या पेट्याही होत्या, असं पुढे तपासात आलं. जवळच्या पेटीची एक फळी उचकटायला किती वेळ लागला असता?

त्यांना ठाऊक नव्हतं, असं धरून चालू. खरंच चांदीच आहे असं वाटलं असेल. इतकी वर्षं चांदीच येत होती. सवयीचा गुण हाच असतो की काल जे होतं तेच आजही आहे असं ती सांगते. मुंबई जळत असतानाही सांगते.

त्यानंतर काय झालं, ते मला याहून जास्त अस्वस्थ करतं. कारण आता 'ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय उरली नव्हती. जानेवारीच्या अखेरीस कस्टम्सच्या वरिष्ठांकडून खाली लेखी सूचना गेली होती. येत्या काही दिवसांत समुद्रमार्गे मोठ्या प्रमाणावर शस्त्रं उतरवली जाण्याची शक्यता आहे, मुंबईच्या आसपास आणि श्रीवर्धन-बाणकोटकडच्या पट्ट्यात लक्ष ठेवा, अशा अर्थाची. भारतात गुप्त माहिती नसते असं आपण प्रत्येक हल्ल्यानंतर ओरडतो. इथे ती होती. जिल्हा कळला होता, किनारा कळला होता, साधारण मुदतही कळली होती.

ज्यांच्या हाती ही सूचना पडली त्यांत होते सोमनाथ थापा, मुंबईच्या कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर, म्हणजे या किनाऱ्यावरच्या गस्तीचे बडे अधिकारी. त्यांनी नाकाबंदी लावली खरी, पण शेखाडीकडून बाहेर पडायची जी कळीची वाट होती तिथला पहारा राहिला नाही, असा त्यांच्यावर आरोप झाला. नाकाबंदीचं असंच आहे. चार फाट्यांपैकी तीन बंद केले तर कागदावर ती पंचाहत्तर टक्के दिसते. चौथ्या फाट्यावर जो उभा असतो त्याच्यासाठी ती शून्य टक्के.

३ फेब्रुवारीला शेखाडीला पहिला माल उतरला, ७ फेब्रुवारीला दुसरा. टायगर मेमनचा माल. तिथून तो वांगणी टॉवर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका आडबाजूच्या ठिकाणी नेऊन पुन्हा भरला गेला. हाताळणाऱ्यांतल्या काहींच्या तोंडी आरडीएक्सचं नाव होतं 'काळा साबण'. चिकट, काळपट, साबणाच्या वडीसारखं. ते नाव मला डोक्यातून काढता येत नाही. कोकणातल्या कुठल्यातरी घरातला कामाला निघालेला एखादा पोरगा, रात्रीच्या दुप्पट मजुरीच्या आशेने आलेला, डोक्यावर साबण वाहतोय.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीखाली पहिला स्फोट झाला. मग काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा, सेंच्युरी बाजार. दोन तासांच्या आसपास सगळं आटोपलं. २५७ माणसं गेली, ७१३ जखमी झाली. झवेरी बाजाराचा उल्लेख वाचताना मला दरवेळी विचित्र वाटतं. ज्या बाजारासाठी ही वाट तीस वर्षं तुडवली गेली, त्याच बाजारात त्या वाटेने आलेली वस्तू फुटली.

त्या वेळेपर्यंत सोन्याच्या तस्करीत जुना जीव राहिलाही नव्हता. १९९० मध्ये सोने नियंत्रण कायदा रद्द झाला होता. मार्च १९९२ पासून परदेशातून येणाऱ्या भारतीयाला ठरावीक कर भरून पाच किलोपर्यंत सोनं उघडपणे आणता येऊ लागलं. पाठोपाठ चांदीलाही वाट मोकळी झाली. दुबई आणि झवेरी बाजार यांच्यातली दरी बुजायला लागली होती. पण तीस वर्षांत तयार झालेलं जाळं कुठे जाणार? होड्या होत्या, एजंट होते, हमाल होते, टेलिफोन नंबर होते. आणि गणवेशातली माणसं होती, ज्यांचे दर ठरलेले होते. कायदा रद्द करता येतो. ओळखी रद्द करता येत नाहीत. ज्यांनी हे जाळं वापरलं त्यांना ते नव्याने विणावं लागलं नाही, फक्त माल बदलावा लागला.

खटला मुंबईत आर्थर रोड जेलमधल्या विशेष टाडा न्यायालयात चालला. १२३ आरोपी. न्यायाधीश पी. डी. कोदे यांनी १२ सप्टेंबर २००६ पासून एकेकाचा निकाल वाचायला घेतला आणि तो महिनोन्महिने चालला. शंभर जण दोषी ठरले. त्यांत दुबई न पाहिलेली, बॉम्बला हात न लावलेली सरकारी माणसंही होती. थापांना जन्मठेप झाली. गोंडघर फाट्यावरच्या उपनिरीक्षकालाही जन्मठेप. त्याच्याबरोबरच्या शिपायांना आणि कस्टम्सच्या इतर अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. थापा २००८ मध्ये वारले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ ला आला, म्हणजे फाट्यावरच्या त्या रात्रीनंतर वीस वर्षांनी.

पण कायद्याच्या दृष्टीने मला अधिक मोलाचा वाटतो तो मधला एक निकाल, १९९६ चा. खटला उभा राहत असतानाच थापांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. वाद सरळ होता. एखाद्याने माल जाऊ दिला, पण त्या मालाचं पुढे नेमकं काय होणार हे त्याला माहीत नव्हतं, तर तो कटात सामील धरायचा का? तुम्ही एखाद्याला सुरी विकली आणि त्याने खून केला, तर तुम्ही खुनी नाही. सुरीने कांदाही चिरतात. न्यायालयाने केलेला भेद थोडक्यात असा : वस्तूचा चांगला वापरही होऊ शकत असेल, तर तुमच्या मनात काय होतं ते सरकार पक्षाला सिद्ध करावं लागेल. पण जिचा कायदेशीर वापर होऊच शकत नाही अशी वस्तू जाणूनबुजून पुढे जाऊ दिलीत, तर ती कुठल्या चौकात फुटणार हे तुम्हाला ठाऊक होतं का, हे स्वतंत्रपणे सिद्ध करायची गरज नाही. थापांवरचा आरोप कायम राहिला. याच निकालात काही इतरांना आरोपमुक्तही केलं गेलं, म्हणजे न्यायालय सरसकट सगळ्यांना एकाच पोत्यात भरत नव्हतं.

त्याच वर्षी, त्याच सर्वोच्च न्यायालयात कस्टम्सच्या आणखी एका माणसाचा निकाल लागला. हा माणूस आपल्या घाटाखालचा. गोव्याचा कोस्टाव फर्नांडिस.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, नवाजुद्दीनचा 'कोस्टाव' ओटीटीवर आला तेव्हा त्याचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं असेल. सिनेमात मसाला आहे, तो बाजूला ठेवू. घटना १६ मे १९९१ ची. सोनं उतरणार अशी खबर या कस्टम्स अधिकाऱ्याला होती. वार्क्याजवळ फात्राडेच्या किनाऱ्याकडे जाणारी एक गाडी त्याने मोटारसायकलवरून पाठलाग करून गाठली. एकटा होता. झटापट झाली, सुरा चालला, फर्नांडिस स्वतः जखमी झाले आणि गाडीतला माणूस मेला. तो माणूस गोव्याच्या राजकारणातल्या एका वजनदार कुटुंबातला होता. पुढे सोनं राहिलं बाजूला आणि फर्नांडिस यांच्यावरच खुनाचा आरोप आला. तपास सीबीआयकडे गेला आणि आरोपपत्र त्यांच्याविरुद्धच झालं. पाच वर्षं हा माणूस आरोपी म्हणून जगला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा खटला रद्द केला. जे घडलं ते कर्तव्य बजावताना घडलं, हे मान्य झालं.

गोंडघर आणि फात्राडे यांच्यात दीड-पावणेदोन वर्षांचं अंतर आहे. किनारा एकच, अरबी समुद्राचा. एकीकडे गणवेशातली पाच-सहा माणसं, हातात सरकारी बंदुका, समोर अडवलेले ट्रक. दुसरीकडे एकटा माणूस मोटारसायकलवर. दोन्हीकडे समोर माल होता आणि दोन्हीकडे माल निसटला. पण फात्राडेला तो एका माणसाने गाडी थांबवल्यावर निसटला, आणि त्याची किंमत त्याने स्वतः चुकवली. गोंडघरला तो सोडला गेला, आणि त्याची किंमत प्लाझाच्या फुटपाथवरच्या माणसांनी चुकवली.

फर्नांडिसांची गोष्ट सांगताना लोक 'बघा, सत्याचा विजय झाला' म्हणतात तेव्हा मला जरा राग येतो. पाच वर्षं! त्या पाच वर्षांत गोव्याच्या आणि कोकणाच्या प्रत्येक कस्टम्स चौकीत ही गोष्ट पोचली असणार. पाठलाग करणाऱ्याचं काय होतं, हे प्रत्येक शिपायाने पाहिलं असणार. ९ जानेवारीच्या रात्री गोंडघरला उभ्या असलेल्या माणसांना ती माहीत होती की नाही, हे सांगायला कुठला कागद नाही. पण अशा गोष्टी खात्याखात्यांत कशा फिरतात हे सरकारी नोकरीतल्या कुणालाही विचारा. प्रामाणिक अधिकाऱ्याला पाच वर्षं आरोपी करून ठेवलंत, तर बाकीच्यांना एक परिपत्रक न काढताच मिळतं.

स्फोटांनंतर चार महिन्यांनी केंद्र सरकारने एन. एन. व्होरा समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साटंलोट्याचा शोध घ्यायला. ऑक्टोबर १९९३ मध्ये अहवाल आला. आपल्याकडे अहवाल येतात ते कपाटासाठी, तसा हाही दोन वर्षं बाहेर आला नाही. समुद्रात नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम्स यांची एकत्रित गस्त मात्र त्याच वर्षी सुरू झाली, 'ऑपरेशन स्वान' नावाने. पंधरा वर्षांनी दहा माणसं कराचीहून निघून, वाटेत 'कुबेर' नावाची मासेमारी नौका ताब्यात घेऊन, कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरली. तेव्हा कळलं की समुद्र गस्तीपेक्षा मोठा आहे.

कोल्हापूरला समुद्र नाही, पण सीमा आहे. कागलच्या पुढे कर्नाटक, चंदगडकडून तिलारीचा घाट उतरला की गोवा. १९६१ पर्यंत तिकडे पोर्तुगीज होते आणि ती खरोखरची आंतरराष्ट्रीय सीमा होती. घड्याळं आणि सोनं तिथूनही चढून यायचं. आता तिथून दारू येते. गोव्यात कर कमी, महाराष्ट्रात जास्त, म्हणजे पुन्हा तीच भावाची दरी. 'गोवा बनावटीची दारू पकडली' ही बातमी आमच्या पेपरात इतक्या वेळा येते की तिचा मथळा छापखान्यात कायमचा जुळवून ठेवलेला असावा. फरशीच्या पावडरीखाली, भाजीच्या क्रेटखाली, टेम्पोला खोटा तळ करून.

माझ्या ओळखीचे एक काका कुठल्याशा नाक्यावर बरीच वर्षं ड्युटी करून निवृत्त झाले. कुठला नाका ते इथे सांगत नाही. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा गोंडघरचा विषय काढला. मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर विषय बदलतील. त्यांनी चहा संपवला आणि मला 'एंट्री' समजावून सांगितली. ट्रकवाला गाडीचा नंबर आधी कळवतो. नंबर यादीत असला की गाडी थांबवायची नाही. यादीत नसला की थांबवायची, कागद बघायचे, टायर बघायचे, लाइट बघायचा.

"आणि आत काय आहे ते?" मी विचारलं.

"यादीतल्या गाडीची ताडपत्री सोडायची नसते रे," काका म्हणाले. "तेच तर ठरलेलं असतंय."

"मग काका, तुमच्या वेळी आत काय काय गेलं असेल?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. बाहेर त्यांचा नातू सायकलची चेन बसवत होता, तिकडे बघत म्हणाले, "लाकूड असंल. दारू असंल." मग परत म्हणाले, "असंल."